पहिलं मॉड्यूल कोणतं? तुम्ही विचारलंत म्हणून

"पहिलं मॉड्यूल कोणतं घेऊ?" मॉड्यूलर सिंथेसायझर, म्हणजे सुटी मॉड्यूलं केबलने जोडून आवाज काढायचं वाद्य, जमवायला निघालेला भेटेल तो हेच विचारतो. मी म्हणते, आधी केस आणि पॉवर सप्लाय घ्या. लगेच चेहरा पडतो. आवाजच न काढणाऱ्या डब्यावर पैसे घालायचे? मीही घातले नव्हते. पहिले पैसे ऑसिलेटरवर, म्हणजे मूळ स्वर काढणाऱ्या मॉड्यूलवर गेले, उरलेल्यात 84 एचपीची (एचपी हे रुंदीचं माप) एक साधी केस आली.

एका मित्राने त्याचं फिल्टर, म्हणजे आवाज गाळणारं मॉड्यूल, वापरायला दिलं होतं. जुनं, आता न मिळणारं. घरातले झोपल्यावर ते बसवायला घेतलं. युरोरॅकमध्ये, म्हणजे मॉड्यूलांच्या या प्रचलित पद्धतीत, वीज नेणाऱ्या चपट्या रिबन केबलची लाल पट्टी उणे 12 व्होल्टच्या बाजूला हवी, हे मला पाठ होतं. पण केस उताणी, हात आत, बोर्डवर खूण नाही आणि कनेक्टरला खाचही नाही. म्हणजे केबल कशीही बसते. बटण दाबलं. आवाज आला नाही, वास आला. मी बटण लगेच बंद केलं, केबल फिरवून परत लावली, जणू त्याने झालेलं पुसलं जाणार होतं. उणे 12 च्या जागी अधिक 12 गेले होते आणि त्या फिल्टरमध्ये उलट्या विजेपासून संरक्षणाचे डायोड नव्हते. सकाळी मित्राला सांगायला गेले. "अगं, जाऊ दे," म्हणाला. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर त्याने मला काही वापरायला दिलं नाही, मीही मागितलं नाही.

मग केसचा माझा हट्ट म्हणजे त्या रात्रीचं ओझं आहे का? थोडं आहे. महागडा सप्लाय असता तरी उलटी केबल उलटीच राहिली असती. वाचवलं असतं ते खाचेच्या कनेक्टरने. तरीही सांगते, प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर घेतं ते अधिक 12 आणि उणे 12 साठी वेगवेगळं मांडा, आणि पाव भाग मोकळा ठेवा. पुढे व्हीसीए, म्हणजे आवाज व्होल्टेजने लहान-मोठा करणारं मॉड्यूल, एक नको, निदान दोन घ्या. ते नसले की ऑसिलेटर नुसता अखंड ओरडत राहतो.

व्हीसीव्ही रॅक, म्हणजे असंच मॉड्यूलर संगणकावर देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्यावर आधी दोन महिने काढा, असं आता मी सांगते. पूर्वी मीच म्हणायचे, माऊसने नॉब फिरवून काय कळणार? तेही चूक नव्हतं.

क्वांटायझरचंही तसंच. ऑसिलेटरचा स्वर व्होल्टेजने ठरतो, एका सप्तकाला एक व्होल्ट, आणि साधा क्वांटायझर त्याचे बारा समान तुकडे करून स्वर त्यांवरच आणून बसवतो. दरबारी रागाचा आंदोलित गंधार त्यात कुठे बसणार? म्हणून वर्षभर सगळ्यांना नको म्हणत आले. गेल्या महिन्यात मीच एक घेतला. गंधाराला केबल क्वांटायझरला वगळून सरळ ऑसिलेटरला लावते, बाकी वेळी तो चालू असतो. तुम्ही घ्यावा की नाही, खरंच सांगता येत नाही.