आधी तोंडाने, मग पायाने

कथकची मध्यमा पूर्ण ही परीक्षा दिली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. त्यापुढच्या विशारद प्रथमचा फॉर्म भरला तेव्हा एकेचाळीस. मधल्या सतरा वर्षांत लग्न झालं, साताऱ्याहून पुण्याला आले, मुलगा झाला, नोकरी कायम झाली आणि घुंगरांची पिशवी दिवाणाच्या कप्प्यात तळाशी गेली. कथक सोडायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. आज नाही, उद्या करू असं म्हणता म्हणता सतरा वर्षं गेली.

परत सुरुवात कशी झाली ते सांगते, कारण मला पत्र, मेसेज करून हेच विचारणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. घराजवळ कथकचा एक वर्ग चालतो. मुलाला शाळेतून आणताना खिडकीतून तबल्याचा आवाज यायचा आणि मी चालता चालता मात्रा मोजायचे. एक दिवस आत गेले. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाचून दाखवू नका आत्ता. तीनतालातला एखादा तोडा आठवतोय का? हातावर ताल धरून म्हणा." मी म्हणायला लागले आणि थांबलेच नाही. एकामागून एक सात तोडे, म्हणजे नाचायच्या बोलांच्या छोट्या रचना, आल्या. पायांना एकही आला नसता, पण तोंडात सगळे होते.

"मग झालं तर," ताई म्हणाल्या. "आधी तोंडाने करू. पाय येतील मागून."

पहिले तीन महिने मी जवळजवळ फक्त पढंत केली. ज्यांनी कथक शिकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पढंत म्हणजे नाचायचे बोल हातावर ताल धरून स्पष्ट म्हणणं. जे म्हणता येत नाही ते नाचताही येत नाही, असं आमच्याकडे मानतात. लहानपणी मला तो नाचाआधीचा उपचार वाटायचा. भराभर म्हणून टाकायचं आणि उभं राहायचं. एकेचाळिसाव्या वर्षी दुसरा मार्गच नव्हता. वीस मिनिटं तत्कार, म्हणजे पायांनी ताल वाजवायचा सराव, केला की पोटऱ्या भरून यायच्या आणि उजवा गुडघा रात्रभर ठणकायचा. डॉक्टरांनी मांडीचे व्यायाम दिले आणि सिमेंटच्या टाइलवर नाचू नका म्हणून बजावलं. आमच्या घरी सगळीकडे टाइलच. शेवटी हॉलच्या कोपऱ्यात जाड प्लायवूडचे दोन तुकडे खाली रबर लावून ठेवले. सहा फूट बाय चार फूट. दोन वर्षं माझा रंगमंच तेवढाच.

घुंगरू परत ओवले तो रविवार मला नीट आठवतो. जुनी सुती दोरी ठिकठिकाणी कुजली होती. सगळे सोडवले, एका पायाचे शंभर, दुसऱ्याचे शंभर, आणि वर्तमानपत्रावर पसरले. मग एकेक कानाशी धरून हलवला. पितळ काळं पडलं तरी काही बिघडत नाही, चिंचेच्या कोळाने निघतं. पण आतला लोखंडी गोळा गंजून चिकटला की घुंगरू मुका होतो. असे एकोणीस निघाले. उरलेल्यांतही खणखणीत कोणते आणि बसके कोणते याच्या दोन राशी केल्या, नाहीतर एक पाय बोलतो आणि दुसरा कुजबुजतो. ओवताना प्रत्येक घुंगरानंतर गाठ मारायची, म्हणजे ते सरकत नाहीत आणि एखादा तुटला तर बाकीचे जागेवर राहतात. एवढ्या गाठी मारायला संध्याकाळ झाली. बोटांची सालं निघाली होती. तरी त्या रात्री मी ते बांधून पाच मिनिटं उभी राहिले, फक्त थाटात, म्हणजे नाचाच्या सुरुवातीच्या स्थिर पवित्र्यात.

रियाजाला वेळ पहाटेचा. पाच ते सव्वासहा. तबलजी रोज परवडत नाही, त्यामुळे फोनवरचा लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणारी एकच धून, लावायचा. पण लेहरा लावला की त्याच्या आधाराने आपण चालतो आणि मात्रा मोजायचं कष्टाचं काम टळतं, हे ताईंनी पहिल्याच महिन्यात पकडलं. "घरात कुणी ताल धरणारं आहे का?" त्यांनी विचारलं.

होतं. माझ्या सासूबाई. वय त्र्याहत्तर, भजनी मंडळात तीस वर्षं टाळ वाजवलेल्या. तीनताल हे नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण लय त्यांच्या मनगटात होती. मी त्यांना टाळी-खाली, म्हणजे कुठे टाळी द्यायची आणि कुठे हात मोकळा सोडायचा ते, दाखवलं आणि दोन दिवसांत त्या सोळा मात्रा अशा धरायला लागल्या की मी घसरले की त्यांची भुवई वर जायची. हात थांबायचा नाही. मी चुकले म्हणून त्या कधीच थांबल्या नाहीत, त्यामुळे पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, मला शोधून काढावीच लागायची.

एकदा आम्ही दोघींनी एक साधी तिहाई घेतली. "तिगधा दिगदिग थेई." तीन मात्रांचा तुकडा, तीनदा म्हणायचा आणि शेवटचा थेई समेवर. झपताल दहा मात्रांचा. दोन तुकड्यांच्या मध्ये एकेक मात्रा सोडली की सम येते. धमार चौदाचा, मध्ये तीन-तीन मात्रा सोडायच्या. तीनतालात चार-चार. तुकडा तोच, फक्त थांबा बदलायचा. हे मी त्यांना समजावत होते तर त्या म्हणाल्या, "आमच्या भजनात आठाचं चालतं, त्यात म्हण बघू." मी हिशेब केला. तीन त्रिक नऊ. आठ मात्रा संपून नववी म्हणजे पुढची समच. थांबाच नको! एका दमात तीनदा म्हटलं आणि थेई त्यांच्या टाळीवर बरोबर पडला. अशी न थांबता येणारी तिहाई म्हणजे बेदम, आणि मध्ये विसावा घेणारी दमदार, हे मी मध्यमाला पाठ करून लिहिलं होतं. कळलं त्या पहाटे, स्वयंपाकघरात, चहा उतू जाताना.

विशारदला असला हिशेब सगळीकडे आहे. धमार दीडपटीत म्हणा असं परीक्षक सहज सांगतात. चौदा मात्रांचे बोल दीडपटीत म्हणायला नऊ पूर्णांक एक तृतीयांश मात्रा लागतात. म्हणजे चार पूर्णांक दोन तृतीयांश मात्रा गप्प बसून पाचव्या मात्रेच्या पोटातून उठायचं, तर समेवर पोचतो. कागदावर सोपं आहे. तोंडात बसायला मला पाच आठवडे लागले, त्यातले बरेचसे ऑफिसच्या बसमध्ये, मांडीवर बोटं मोजत.

लेखी अभ्यासाबद्दल थोडंच सांगते. नायिकाभेद, घराणी, ताललिपी आणि कलाकारांची चरित्रं. चरित्रं आम्ही पाच ओळींची करून घोकायचो: जन्म, गुरू, पुरस्कार, मृत्यू. पुण्याच्या कथक नर्तकी आणि गुरू रोहिणी भाटे यांच्या पाच ओळी मला तेव्हापासून पाठ होत्या. जन्म १९२४, पाटणा. पदवी फर्ग्युसन महाविद्यालयातून. १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारतीची स्थापना. १९७९ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार. निधन २००८, पुणे. यावेळी तेच लिहून काढताना मी साल १९४७ वर अडकले. जयपूर घराण्याच्या सोहनलालजींकडे त्यांचं कथक सुरू झालं ते १९४६ च्या सुमारास. म्हणजे संस्था काढली तेव्हा त्या बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या आणि कथकमध्ये स्वतः जवळजवळ नवशिक्या होत्या. लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडची बारा वर्षांहून अधिक तालीम आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडची कितीतरी वर्षं, हे सगळं वर्ग सुरू झाल्यावरचं आहे. पांढरपेशा पुण्यात मुलींनी नाचायचं का यावरच घराघरांत वाद होते तो हा काळ. दिवसा मुलींना शिकवायचं आणि स्वतः गुरूपुढे पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसायचं. नुसतं घेतलेलं परत दिलं असंही नाही. त्यांनी नव्या बंदिशी बांधल्या, संस्कृत ग्रंथ बारकाईने अभ्यासले आणि महाराष्ट्रात कथकला विद्यापीठापर्यंत नेणाऱ्यांत त्या होत्या. मी सतरा वर्षं समजत होते की आधी शिकून संपवायचं असतं आणि मग नाचणारी व्हायचं असतं. त्यांच्या चरित्रात असा टप्पाच नाही. त्या उत्तरावर मी पाच ओळींऐवजी दोन पानं लिहिली, तीही कुणी सांगितली नसताना.

अभिनयात मला वाटलं होतं की वय माझ्या बाजूने असेल. ताईंनी वासकसज्जा दिली, प्रियकर येणार म्हणून घर आणि स्वतःला सजवून वाट पाहणारी नायिका. मी उशा नीट केल्या, दिवा लावला, फुलं माळली, दाराकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "तुम्ही पाहुणे येणार म्हणून घर आवरताय. ती आवरत नाहीये, ती वाट बघतीये. हाताला दुसरं काम नाही म्हणून हात चाललेत तिचे." चार महिने आम्ही त्या एका दिव्यावर होतो. शेवटी वात सारताना बोटं थांबली आणि मान दाराकडे वळली, मी न ठरवता. ताई काही बोलल्या नाहीत. हार्मोनियमचा भाता मिटला आणि "आज एवढंच," म्हणाल्या.

विशारद पूर्णच्या प्रात्यक्षिकाला माझा नंबर सकाळी साडेदहाचा होता. दहा वाजता घुंगरू बांधून, अंग गरम करून तयार बसले. साथीदार आले बारा वाजता. केंद्राने ना फोन केला, ना काही सांगितलं. दीड तास थंड फरशीवर बसून गुडघा आखडला, आणि मी रडायच्या बेतात होते. माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, तिचे हात गार पडले होते. आम्ही दोघींनी समोरासमोर बसून ताल धरला आणि एकमेकींचे तोडे म्हटले. तिचे मी, माझे तिने. तेवढ्याने दोघी सावरलो.

आत थाट, आमद (प्रवेशाची रचना), परण (पखवाजाच्या बोलांची रचना) व्यवस्थित झाले. फर्माईशी चक्रदारला घोटाळा झाला. फर्माईशी म्हणजे पूर्ण बोल तीनदा येतो. पहिल्या चक्रात तिहाईचा पहिला धा समेवर, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात तिसरा. माझा शेवटचा धा समेच्या एक मात्रा आधीच पडला. तबलजींनी ठेका चालू ठेवला, मी उभी. परीक्षक बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "म्हणून दाखवा."

मी हात पुढे केला. डोळे मिटले तर समोर सासूबाईंचा तळवा. बोल सुरू केला आणि दुसऱ्या चक्रानंतर माझा आवाज आपोआप एक मात्रा थांबला. तिथेच होती ती! पायांनी घाईत तो थांबा खाल्ला होता, तोंडाने खाल्ला नव्हता. तिन्ही चक्रं म्हणून शेवटचा धा टाळीवर आला. "आता नाचा," त्या म्हणाल्या. नाचले. तबला, पाय आणि माझी मान एकदम समेवर आली, आणि परीक्षकांच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या तोंडून "हां" असं निघालं.

निकाल आला, प्रथम श्रेणी. ताईंनी पेढा अर्धा करून अर्धा मला भरवला आणि पुढच्या परीक्षेचा, अलंकारचा, अभ्यासक्रम हातात ठेवला. घरी आले तर सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून बसल्या होत्या. प्रमाणपत्रावरून हात फिरवला, नाव दोनदा वाचलं.

"आता पुढच्याला किती मात्रांचं धरायचं?" त्यांनी विचारलं.

"धमार, आई. चौदा."

त्यांनी पदर खोचला आणि तळवा उघडला.