जुना अहवाल असताना पुन्हा बायोप्सी कशाला?

फोंड्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झाली, त्याचा अहवाल फाइलीत आहे, आता यकृतात गाठ दिसते, तर गोमेकॉतले (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातले) डॉक्टर पुन्हा बायोप्सी का सांगतात? तुम्ही विचारलंत म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कर्करोगाची पेशी एकाच रूपात राहील याची खात्री नसते. दुग्धनलिकांच्या अस्तरातील पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. आसपासच्या ऊतीतून टीजीएफ-बीटा या प्रथिनासारखे संदेश आले की स्नेल, ट्विस्ट, झेब-१ ही नियंत्रक प्रथिने ई-कॅडहेरिनच्या जनुकाला गप्प करतात आणि पेशी सुटी होऊन सरकू लागते. त्यासाठी डीएनएच्या क्रमात नवा बदल व्हावाच लागतो असे नाही, म्हणूनच पेशी माघारीही फिरू शकते. मला विलक्षण वाटते ती यातली रस्सीखेच: झेब-१ हे मिर-२०० गटातील सूक्ष्म आरएनएंना दाबते आणि ते उलट झेब-१ला दाबतात; ज्याची सरशी होईल तिकडे पेशी झुकते, क्वचित अधल्यामधल्या अवस्थेतही टिकते. असा बदल घडवलेल्या स्तनपेशींत मूळपेशींचे (स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशींना जन्म देणाऱ्या पेशी) गुण येतात, हे कर्करोग-संशोधक रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली दाखवले.

मात्र ‘ई-कॅडहेरिन गेले की रोग पसरला’ हे सूत्र मला पटत नाही. लोब्युलर प्रकारात, म्हणजे दूधग्रंथींच्या खंडिकांचे नाव लाभलेल्या कर्करोगात, ते बहुधा नसतेच. उलट डक्टल (दुग्धनलिकांच्या) प्रकाराच्या दूरच्या अवयवांतील गाठींत ते पुष्कळदा शाबूत दिसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत तर ते काढून टाकल्यावर आजूबाजूला घुसखोरी वाढली, पण दूरच्या गाठी घटल्या.

उपचार ज्यांवर ठरतात ती पेशींवरील वा पेशींतील ग्राहक प्रथिने, म्हणजे ईआर (इस्ट्रोजेनचा ग्राहक), पीआर (प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक) आणि हर-२ (पेशीला वाढीचा संदेश देणारा ग्राहक), हीही दुसऱ्या गाठीत बदललेली आढळू शकतात. त्यामागे पेशीचे रूपांतर असते, औषधाला पुरून उरलेल्या पेशींची निवड असते, कधी नुसता तपासणीतला फरकही असतो. ईआर खरोखर नाहीसा झाला असेल तर हार्मोनविरोधी गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. हर-२ नव्याने दिसला तर त्यालाच लक्ष्य करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचा विचार करता येतो. शिवाय यकृतातील गाठ स्तनाचीच आहे, हेही आधी सिद्ध व्हावे लागते.

तेव्हा बायोप्सीला जाताना जुन्या शस्त्रक्रियेचा मेणाचा ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) मागून न्या. दोन्ही नमुने एकाच वेळी रंगवून शेजारी शेजारी पाहता आले, तर बदल खरा की तपासणीतला, हे बरेचदा तिथेच कळते.