आजोबांच्या गॅरेजमधला बेब रूथ

इथे ओहायोत कुणी म्हातारं माणूस घर विकायला काढलं की गॅरेजमधून बेसबॉल कार्डांची खोकी हमखास निघतात. क्लीव्हलंडमधल्या आमच्या शेजारच्या आजोबांकडेही निघाली. ते आता मुलीकडे राहायला चाललेत. "तू कॉम्प्युटरवाला, जरा बघ किती येतील," म्हणाले, आणि आमचे पुढचे काही रविवार त्यातच गेले.

आपल्याकडे बिग फन गमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची, तसाच हा प्रकार. आधी सिगारेटच्या आणि नंतर बबलगमच्या पाकिटातून आलेला. 1952 सालचं टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचं, मिकी मँटल या गाजलेल्या बेसबॉलपटूचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना गेलं, ही बातमी इथल्या प्रत्येक आजोबाला पाठ असते. पण टॉप्सनेच त्या वर्षीचा न खपलेला माल पुढे अटलांटिक समुद्रात बुडवला होता. उरलेली कार्डं पोरांनी सायकलच्या चाकात अडकवून फडफडवली नाहीतर आयांनी केरात टाकली. म्हणून कोरं करकरीत मँटल दुर्मीळ.

आजोबांची खोकी होती 1988 ते 1991 मधली. तोवर अख्ख्या देशाला अक्कल आली होती, सगळेच जपून ठेवत होते आणि कंपन्या भरमसाट छापत होत्या. परिणामी आज ती जवळपास रद्दी. मी हे सांगितल्यावर आजोबा दोन मिनिटं माझ्याशी बोललेच नाहीत.

जुन्या कार्डात कोपरे टोकदार आहेत का, चित्र मधोमध छापलंय का, कडा शाबूत आहेत का हे भिंगातून बघतात आणि 1 ते 10 गुण देतात. एकेका गुणाने किंमत कुठल्या कुठे जाते, म्हणून लबाडीही तिथेच. होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूच्या सर्वांत गाजलेल्या कार्डाच्या कडा आपणच कातरल्या होत्या, अशी कबुली एका बड्या लिलावदाराने 2013 मध्ये दिली.

खरी मजा आली ती चेंडूत. आजोबांच्या काकांनी दिलेला, बेब रूथ या बेसबॉलच्या महान खेळाडूची सही असलेला पिवळट चेंडू, काचेच्या डबीत. इथल्या प्रदर्शनात बसणाऱ्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे आम्ही तो नेला. त्याने सहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चेंडू फिरवून छापील मजकूर वाचला आणि आमच्यासमोर धरला: जो क्रोनिन, अध्यक्ष. त्या काळी अधिकृत चेंडूवर लीगच्या अध्यक्षाचं नाव छापायचे. क्रोनिन अमेरिकन लीगचा (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एक) अध्यक्ष झाला 1959 मध्ये. रूथ वारला 1948 मध्ये. विषय संपला! सहीचं वळण मात्र मला तरी अगदी हुबेहूब वाटलं होतं.

मग तो रंगात येऊन सांगत सुटला. बॉलपेन अमेरिकेच्या दुकानांत आलं 1945 मध्ये. रूथचा सहखेळाडू लू गेरिग गेला 1941 मध्ये, तेव्हा बॉलपेनने केलेली त्याची सही बघायचीसुद्धा नाही. कागद जुना म्हणून विकत असतील तर अंधारात अतिनील दिवा मारायचा: युद्धानंतरच्या कागदात उजळपणासाठी रसायनं घालायला लागले, तो निळसर चमकतो. खऱ्या चेंडूंवरच्या सह्याही सगळ्या खऱ्या नसतात. खेळाडूंच्या वतीने संघाचा पोऱ्या सह्या ठोकायचा. 'आमच्या काकांनी स्वतः घेतलेली' या कथेला तो फुटकी कवडी देत नाही. माझ्या मते बरोबरच आहे, काका कितीही सज्जन असले तरी.

पुरावा पक्का असेल तर काय होतं, ते रूथच्या 1932 च्या जागतिक मालिकेतल्या (म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या वार्षिक अंतिम मालिकेतल्या) जर्सीने दाखवलं. 2005 मध्ये ती 9 लाख 40 हजार डॉलरना विकली गेली होती. पुढे त्या सामन्याच्या फोटोंशी ताडून ती तीच असल्याचं तज्ज्ञांनी ठरवलं आणि 2024 मध्ये तिला 2 कोटी 41 लाख आले.

आजोबांच्या खोक्यात व्यापाऱ्याला आवडलं ते भलतंच: 1948 च्या जागतिक मालिकेचं, क्लीव्हलंडच्या मैदानावरचं अर्धं फाटलेलं तिकीट. त्या सामन्याला 86 हजारांवर माणूस होता, पण फाटकं तिकीट जपणार कोण? त्याने जागेवर भाव दिला. आजोबांनी तिकीट खिशात घातलं आणि चेंडूचे किती देतोस, असं परत एकदा विचारलं.