व्हीटीपुरते बुश विजयी

सकाळच्या पेपरवाल्यांना विचार करायला रात्र मिळते. आम्हा सांजदैनिकवाल्यांना मिळायची सकाळी सात ते दुपारी एक एवढीच वेळ. एकला पान सुटलं की तीनपर्यंत अंक स्टॉलवर, आणि पाचनंतर ऑफिसं सुटली की खरी विक्री. पान अर्धा तास लांबलं तर गर्दी गाडीत चढून गेलेली असायची आणि आमचे गठ्ठे दुसऱ्या दिवशी परताव्यात यायचे.

त्यामुळे 2000 सालची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक जणू आमच्यासाठीच ठेवल्यासारखी होती. तिकडे 7 नोव्हेंबरची रात्र, इकडे 8 तारखेची सकाळ. मध्ये साडेदहा तासांचं अंतर. सकाळच्या पेपरांना निकाल मिळणं शक्यच नव्हतं. जादा प्रती काढायच्या, असं आदल्या दिवशीच ठरलं होतं. मार्चमध्ये क्लिंटन मुंबईत येऊन शेअर बाजारात बोलून गेले होते, त्यामुळे त्यांच्यानंतर कोण याची उत्सुकता फोर्टातल्या चहाच्या टपरीपर्यंत पोचलीय, असा संपादकांचा समज होता.

मी सातला पोचलो तेव्हा टीव्हीवाल्यांनी फ्लोरिडा राज्य डेमोक्रॅट उमेदवार अल गोर जिंकणार असा अंदाज सांगून ते त्यांना देऊनही टाकलं होतं. साडेआठच्या सुमारास तेच लोक म्हणाले, परत घेतो. दिलेलं राज्य परत घेताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. शहाणं व्हायचं तर तिथेच व्हायला हवं होतं.

अकरापर्यंत सगळं गणित फ्लोरिडावर येऊन अडकलं. तिकडे अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्याला वाटून दिलेल्या प्रतिनिधी मतांवर. एकूण 538 मतं, जिंकायला 270. फ्लोरिडाची 25 ज्याच्या पदरात पडतील तो अध्यक्ष. ऑपरेटरने दोन पानं लावून ठेवली, एक गोर यांचं आणि एक रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांचं. फोटो, चौकटी, सगळं तयार.

पावणेएकला फॉक्सने फ्लोरिडा बुशना दिलं आणि चार मिनिटांत बाकीची मोठी चॅनेलंही त्याच ओळीत जाऊन उभी राहिली.

आमचे मुख्य उपसंपादक, ज्यांना सगळे काका म्हणायचे, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं, "न्यूज एजन्सीने दिलंय?"

"नाही अजून. पण काका, सगळे चॅनेल म्हणतायत."

"सगळे म्हणतायत म्हणजे सगळ्यांनी वेगवेगळं पाहिलंय असं नसतं रे."

तेवढ्यात प्रेसमधून फोन आला. मग गोर यांनी स्वतः फोन करून बुश यांचं अभिनंदन केल्याची बातमी आली. हरलेला माणूसच मान्य करतोय म्हटल्यावर आणखी काय हवं? काका म्हणाले, "पान तुझ्याकडे आहे. बघ." मी पान सोडलं. आठ कॉलमी मथळा: बुश विजयी.

डबा उघडून पहिली पोळी संपते न संपते तोच टीव्हीसमोरून कोणीतरी ओरडलं. पराभवाचं भाषण करायला निघालेले गोर वाटेतूनच मागे फिरले होते. बुशना पुन्हा फोन लावून त्यांनी आपलं अभिनंदन परत घेतलं होतं. मतांमधला फरक इतका खाली आला होता की अर्ध्या टक्क्याच्या आत आल्यामुळे तिथल्या कायद्याप्रमाणे फेरमोजणी अटळ होती. अडीचच्या सुमारास चॅनेलांनी फ्लोरिडा दुसऱ्यांदा परत घेतलं.

प्रेसला फोन केला. व्हीटी, म्हणजे आजचं सीएसएमटी, आणि चर्चगेटचे गठ्ठे टेम्पोतून गेले होते. मशीन थांबवलं, प्लेट बदलली. दादर आणि ठाण्याकडच्या अंकांवर नवा मथळा गेला: फ्लोरिडात फेरमोजणी. थोडक्यात, दक्षिण मुंबईत बुश निवडून आले आणि दादरला लोंबकळत राहिले.

संध्याकाळी नेहमीची कल्याण फास्ट पकडली. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी आमचा अंक उघडला होता, व्हीटीचा. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दादरला एक जण चढला, त्याच्या हातातही आमचाच अंक. दोघांनी एकमेकांचे मथळे पाहिले. मग तारीख ताडून पाहिली. मग किंमतही.

"अहो, यांना नक्की काय म्हणायचंय?"

दादरवाल्याने बातमी मोठ्याने वाचली. साठ लाखांच्या आसपास मतदान आणि फरक दोन हजारांच्याही आत. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेले एक जण म्हणाले, "एवढ्या फरकाने आमच्या वॉर्डात नगरसेवक येतो." डबा हसला. मीही हसलो, न हसलो तर ओळखतील म्हणून.

पहिल्या मोजणीत बुश 1,784 मतांनी पुढे होते. मशीनच्या फेरमोजणीनंतर काही शेच उरले. अखेर जाहीर झालेला फरक 537. गोंधळाची कारणं पुढे महिनाभर वाचत होतो आणि प्रत्येक वेळी काकांचं वाक्य आठवत होतं. सगळ्या चॅनेलांना आकडे पुरवणारी संस्था एकच होती. वोलूशिया नावाच्या काउंटीतून आलेल्या चुकीच्या आकड्यांमध्ये गोर यांच्या खात्यातून 16 हजारांवर मतं चक्क वजा झाली होती. फॉक्सच्या निकाल-कक्षाचा प्रमुख तर बुश यांचा सख्खा आतेभाऊ निघाला. आणि एपी या वृत्तसंस्थेने त्या रात्री फ्लोरिडा बुशना दिलंच नव्हतं.

अमेरिकेतल्या काही पेपरांनीही 'बुश जिंकले' असंच छापलं, म्हणून ऑफिसात माझं फारसं काही झालं नाही. परतावा मात्र त्या दिवशी सगळ्यात कमी आला. चुकलेला अंक म्हणून लोकांनी तो जपून ठेवला, असं आमचा एजंट सांगायचा. मला ते कौतुक वाटलं नाही.

12 डिसेंबरला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली. आमच्याकडे 13 ची सकाळ उजाडली होती. पायऱ्यांवर उभे टीव्हीवाले निकालपत्राची पानं उलटत होते आणि त्यात काय म्हटलंय ते त्यांनाच उमगत नव्हतं. त्या दिवशी मी 'फेरमोजणी थांबवली' एवढंच घेतलं. 'विजयी' हा शब्द पानावर येऊ दिला नाही. प्रेसचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा काकांनी उचलला.

14 ला सकाळी साडेसातला गोर यांनी पराभव मान्य केला, या वेळी कॅमेऱ्यासमोर. ऑपरेटरने कॉम्प्युटरवर 8 नोव्हेंबरचं पान उघडलं. पुसलं नव्हतं त्याने. तोच फोटो, तोच आठ कॉलमी मथळा.

"हेच घेऊ?" त्याने विचारलं.

मी काकांकडे पाहिलं.

"घे," काका म्हणाले. "एजन्सीची कॉपी आलीय. फक्त तारीख बदल."