बठ्ठं समजनं!

आठवीला रक्ताभिसरण शिकवताना मुलं दरवर्षी एकाच जागी अडतात: रक्त हृदयात दोनदा का येतं? आमची शाळा चोपडा तालुक्यातली. विहिरीवरची मोटर, केळीचं ठिबक हे पोरांना मी काय शिकवणार! पण फळ्यावरचं हृदय काही हलत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवर नऊ मिनिटांचा व्हिडिओ केला. मागे संगीत, पडद्यावर पूर्ण वाक्यं, तीच वाक्यं माझ्या आवाजात, आणि शेजारी धडधडणारं हृदय.

मुलं खूश. "बठ्ठं समजनं, मॅडम!" म्हणजे अहिराणीत, सगळं समजलं. दुसऱ्या दिवशी चित्र काढायला दिलं, तर बहुतेकांनी फुप्फुसंच गाळली. फार वाईट वाटलं.

मग वाचायला बसले. नवी माहिती माणूस एका वेळी फार थोडीच मनात धरू शकतो, या गोष्टीवर शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये आपला बोधभाराचा सिद्धांत उभा केला. रिचर्ड मेयर यांचे प्रयोग तर माझ्या व्हिडिओवरच बोट ठेवत होते: जे कानाने ऐकू येतंय तेच पडद्यावर वाचायला दिलं की डोळे चित्रावरून हटतात. मी वाक्यं काढली, संगीत काढलं, कप्प्यांची नावं कप्प्यांवरच लिहिली, तीन तुकडे केले.

फरक पडला, पण हवा तेवढा नाही. फ्रेड पास यांनी १९९२ मध्ये वापरलेली १ ते ९ ची मोजपट्टी मी मुलांना दिली: डोकं किती लावावं लागलं? १ किंवा २ लिहिणाऱ्या कित्येकांची चित्रं अर्धवट होती. गॅव्रिएल सॉलोमन यांनी १९८४ मध्येच हे दाखवलं होतं. टीव्ही सोपा वाटतो, म्हणून मुलं त्यावर डोकं कमी लावतात आणि कमी शिकतात. व्हिडिओतला फुकटचा त्रास मी काढला होता, पण कामाचे कष्ट मुलांना दिलेच नव्हते.

पुढच्या तासाला आधीच सांगितलं, प्रत्येक तुकड्यानंतर पडदा बंद, रक्ताचा थेंब कुठे पोचला ते न बघता काढायचं. वर्ग एकदम शांत. खोडरबरं चालू. आकडे ६, ७ वर गेले.

मागच्या बाकावरची एक मुलगी बाण तीनदा खोडून अचानक उभी राहिली. "मॅडम, दोन मोटरी सेत! एक विहिरीतून शेततळ्यात टाकते, तिथे पाण्याचा जोर संपतो. मग शेतात न्यायला दुसरी लागतेच ना?"