चावी काढली तरी ट्रॅक्टर बंद होईना

मुरबाडला आमच्या शेतावर आजोबांच्या वेळचा, पेट्रोलवर चालणारा फर्ग्युसन टीई-२० आहे. इंग्लंडात १९४६ ते १९५६ या काळात बनलेलं हे मॉडेल. गेल्या उन्हाळ्यात त्याला नवंच दुखणं जडलं. चावी बंद केली तरी इंजिन गचके देत, ठोके मारत चालूच राहायचं. गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला की मगच गप्प व्हायचं. ते ठोके बेअरिंगना बसतायत हे कळत होतं, त्यामुळे दर वेळी जीव कासावीस व्हायचा.

पहिला संशय स्विचवर. चावी बंद करून कॉइलला, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाला, टेस्ट लॅम्प लावला, दिवा पेटला नाही. करंट नाही म्हणजे ठिणगीही नाही. मग पेट्रोल पेटवतंय कोण?

ठाण्याहून ओळखीच्या मिस्त्रीकाकांना घेऊन गेलो. ते म्हणाले, "आत निखारा आहे रे, आणि तू त्याला पेट्रोल पाजतोयस." निखारा म्हणजे सिलिंडरमध्ये तापून लाल झालेला एखादा भाग, जो ठिणगीशिवायच पेट्रोल पेटवतो. थंडीत बंद पडतो म्हणून मीच स्लोचा, म्हणजे रिकामं इंजिन किती वेगाने चालावं ते ठरवणारा, स्क्रू चढवून ठेवला होता. त्यामुळे थ्रॉटलची झडप उघडी राहायची आणि चावी काढल्यावरही पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जायचं. स्लो उतरवल्यावर त्रास निम्म्यावर आला.

उरलेला निखारा शोधायचा होता. रेडिएटरच्या जाळीत भाताचा तूस गच्च बसला होता, तो उलट्या बाजूने पाणी मारून काढला. प्लग जास्त गरम जातीचे, म्हणजे उष्णता हळू बाहेर टाकणारे, निघाले. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियन कंपनीच्या प्लगमध्ये उलटं. दुकानात फक्त आकडा सांगून चालत नाही, हे तेव्हा कळलं.

शेवटी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. पिस्टनवर कार्बनचा जाड थर होता, तो लाकडी पट्टीने खरवडला. हेड काढल्यावर मी क्रँक फिरवायला गेलो, तर काकांनी हात धरला. याचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतात त्या नळ्या, थंड करणाऱ्या पाण्यात बसलेले असतात. हेडचा दाब गेल्यावर पिस्टन फिरवला तर ते वर उचलले जातात आणि खालचं सील जातं. हे मला माहीतच नव्हतं.

नवं गॅस्केट टाकून हेड बसवलं, ठिणगीचं टायमिंग तपासलं. आता भर दुपारी नांगरट करून उभा केला तरी चावीसरशी थांबतो. थंडीत सकाळी चोक ओढून दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं, पण स्लोला मी हात लावत नाही.