तुम्ही विचारलेत म्हणून: मेलेल्या हाडावर माणूस चालतो कसा?

“सर, हाड मेलं होतं म्हणता, मंग दीड वर्ष शाळेत चालत कसे आले?” हा प्रश्न मला सेलूच्या बसस्थानकावर, लग्नाच्या पंगतीत आणि पालकसभेतही विचारला गेला आहे. खुबा बदलून आलेल्या माणसाला लोक खर्च विचारतील असे वाटले होते. विचारतात ते हेच, आणि प्रश्न अगदी नेमका आहे.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. त्याला रक्त पोचवणाऱ्या बहुतेक बारीक वाहिन्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात, आणि त्या बंद पडल्या तर रक्ताला दुसरी वाट जवळजवळ नसते. ही मान मोडली, दारू फार झाली, सिकलसेलचा आजार असला किंवा स्टेरॉइड मोठ्या प्रमाणात घ्यावे लागले, तर हा पुरवठा तुटू शकतो. २०२१च्या मे महिन्यात मला कोरोनात ऑक्सिजन लागला आणि स्टेरॉइडही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या औषधाशिवाय मी कदाचित हे लिहायला उरलोही नसतो.

रक्त थांबले की मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी ६ ते १२ तासांत मरतात आणि हाडाच्या पेशी १२ ते ४८ तासांत. म्हणजे मरण दोन दिवसांत उरकते, आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. कारण भार पेलतात त्या पेशी नव्हेत, तर त्यांनी बांधून ठेवलेली कॅल्शियमची जाळी, आणि बांधणारे गेले तरी ती तशीच उभी राहते. गोळ्यावरची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत मऊ थर, सांध्यातल्या वंगणावर पोसली जाते, त्यामुळे तीही जिवंत असते. म्हणून मी चालत होतो.

खचणे सुरू होते ते शरीर दुरुस्तीला लागल्यावर. आमचे जुने घर माळवदाचे होते. वाळवीने खाल्लेली तुळई बदलायची ठरली तेव्हा वडिलांनी आधी खालून दोन टेकू दिले आणि मगच जुने लाकूड काढले. शरीराला टेकू देता येत नाही. कडेच्या जिवंत भागातून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, मेलेले हाड पोखरून काढणाऱ्या पेशी झपाट्याने काम करतात आणि नवे हाड घालणाऱ्या मागे पडतात. वरचे वजन तर रोजचेच असते.

मला पहिली खूण २०२२च्या फेब्रुवारीत, गावच्या सप्ताहात मिळाली. पंगतीत मांडी घालताना डावा गुडघा जमिनीकडे जाईना. जांघेत कळ यायची, पण गुडघाच जास्त दुखे, म्हणून चार महिने गुडघ्याचेच एक्स-रे निघाले आणि गुडघ्यालाच मलम चोळले गेले. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही नसा एकच असल्याने एकाचे दुखणे दुसऱ्या जागी जाणवते, हे मला नंतर कळले. तपासणाऱ्याने माझा पाय एकदा आत वळवून पाहिला असता तर त्यालाही संशय आला असता.

डॉक्टर या आजाराच्या फिकॅट-आर्लेट नावाने चार पायऱ्या मानतात. पहिलीत एक्स-रे साफ असतो, डाग फक्त एमआरआयवर दिसतो. दुसरीत एक्स-रेवर काही भाग जास्त पांढरा, काही पोकळ दिसतो, पण गोळा अजून गोल असतो. ऑक्टोबरात मी तिथे होतो. हाडात छिद्रे पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सुचवली. मी म्हणालो, सोयाबीन निघू द्या. सोयाबीन निघाले, मग हरभरा आला, मग दहावीची परीक्षा. माझा डाग मोठा आणि भार घेणाऱ्या भागात असल्याने छिद्रांनी गोळा वाचलाच असता असे नाही. पण ती शस्त्रक्रिया गोळा गोल असेपर्यंतच कामाची, हे मला स्पष्ट सांगितले होते.

२०२३च्या एप्रिलमध्ये एसटीच्या पायरीवरून उतरताना आत काहीतरी दबल्यासारखे झाले. बेडकासारखा पाय बाहेर पसरून काढलेल्या एक्स-रेवर गोळ्याच्या वरच्या कडेखाली एक बारीक, वाकडी काळी रेघ होती. डॉक्टर तिला चंद्रकोर म्हणाले. वरचे कवच आणि खालचे पोखरलेले हाड यांच्यामध्ये पडलेली ती भेग होती, म्हणजे तिसरी पायरी. पुढचे सारे भराभर झाले: गोळा चपटा झाला, कूर्चा घासली, वाटीही खराब झाली आणि पाय किंचित आखूड पडला. २०२४च्या जानेवारीत खुबा बदलला.

स्टेरॉइडमुळे झालेल्या या आजारात पुष्कळदा दोन्ही खुबे धरतात. माझ्या उजव्या गोळ्यातही डाग आहे, पण तो हरभऱ्याएवढा आणि भाराच्या जागेपासून बाजूला आहे. असे लहान डाग वर्षानुवर्षे तसेच राहू शकतात, आणि माझा अजून तरी वाढलेला नाही. दर वर्षी पोळा झाला की मी एमआरआय काढून येतो. सोयाबीन त्यानंतर निघते.